खणखणीत काळीज

सन दोन हजार बावीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. निम्मे दात गेले होते, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, गुडघे कुरकुरायला लागले होते. पण कान शाबूत होते आणि त्या कानांचा मला गर्व होता. गर्व वाईट असं कीर्तनकार सांगतात. सांगू देत. ज्याच्याजवळ काही असतं त्यालाच गर्व होतो.

आज हे आठवायचं कारण म्हणजे दिवाळी सरली आणि ओढ्यापलीकडच्या मळ्यात गुऱ्हाळ पेटलं. कोडोलीच्या शिवारात आमचं घर आहे, तिथल्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसून ते गुऱ्हाळ दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. घाण्याची घरघर, जाड ऊस अडकला की मोटर रडकुंडीला येते तो आवाज, गडी एकमेकांना घालतात त्या शिव्या. वारा फिरला की वासही येतो. पण वास मागून येतो. आवाज आधी येऊन दारात उभा राहतो, आणि मग त्या एका हंगामाचं सगळं आत घुसतं. दार लावायची सोय नाही. डोळ्याला पापणी दिली देवानं, कानाला दिली नाही.

मी गुळव्या. म्हणजे काहिलीतला उकळता रस कधी उतरायचा, हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो माणूस. शाळा माझी तिसरीपर्यंत. पण काहिलीपुढं पन्नासएक हंगाम उभा राहिलो, आणि तिथं डोळ्यापेक्षा कान जास्त लागतो. वाफेत दिसतंय काय? कच्चा रस काहिलीत पडतो तेव्हा नुसता सळसळतो. खाली चुलाणात चिपाडं धडाडली की गुणगुणायला लागतो. मग मळी वर येते. ती काढली की खळखळाट सुरू. नवे गडी तिथंच नाचायला लागायचे, "तात्या, झालं की!" झालं कसलं? आत पाणी आहे तोवर पाणीच बडबडत असतं. रस आटत आला की आवाज जड होतो. फदफद, फदफद. म्हैस चिखलातून पाय उपसते तसा. त्यातून पुढं आवाज बसत बसत जातो, आणि एक क्षण असा येतो की काहील जणू ओठ मिटते. तेवढ्यात "उतरा!" म्हणून ओरडायचं. जरा आधी ओरडलं तर गूळ घट्ट होत नाही, जरा उशीर झाला तर करपला. माझा कधी करपला नाही. हे मी लिहून ठेवतोय, कुणाला पटो न पटो.

गूळ थंड झाल्यावर त्याचे रवे होतात. रवा म्हणजे गुळाची मोठी ढेप. कोल्हापुरात शाहूपुरीच्या बाजारात पाठवायच्या आधी मी प्रत्येक रव्यावर बोटाचं पेर वाजवून बघायचो. चांगला रवा ठण्णकन बोलतो. आत ओल राहिली असेल तर भद्द. माणसासारखंच आहे ते. आत काही सडत असलं की आवाज नीट फुटत नाही.

पेर वाजवायची ही खोड बाजारातही सुटली नाही. माझी बायको आनंदी माझ्या पेराशिवाय काही घ्यायची नाही. नारळ घेताना, कलिंगड घेताना, कौलं घेताना सुद्धा मला पुढं करायची. उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलो की एकेक माठ उचलून माझ्यापुढं धरायची. एकदा कुंभार वैतागून म्हणाला, "पावणं, माठ घेतासा का तबला शिकतासा?"

आनंदी त्याला म्हणाली, "वाजवू द्या की. गळका दिलासा तर तुमच्याच डोस्क्यावर आणून वाजवतील."

सगळे हसले. मी हसलो नाही. मी ऐकत होतो. सातव्या-आठव्या माठावर माझं पेर थांबलं आणि तिनं तो काखेत घेतला. कुंभारानं मुकाट्यानं पुढच्या गिऱ्हाईकाकडं तोंड केलं. आम्ही बाजारातून निघालो तेव्हा ती माझ्या पुढं चालत होती, जत्रेत कुस्ती जिंकल्यासारखी. आता वाटतं, तिला तिथंच एखादा माठ गळका निघायला हवा होता. एखादा तरी.

त्या हंगामात ती मळ्यात भाकरी घेऊन यायची. ओढ्यावरचा चढ चढताना तिच्या जोडव्यांचा आवाज मला घाण्याच्या गोंधळातही कळायचा. टिक, टिक, टिक. त्या साली तो मधे थांबायला लागला. चार पावलं चालायची की थांबायचा. मी म्हटलं, वय झालं. पुढं पुढं ती वर पोचली की बोलायच्या आधी श्वास गोळा करायला लागली. घशात कुणी हलक्या हातानं कापड फाडतंय असा तो श्वास होता. तेही मीच पहिल्यांदा ऐकलं आणि "सर्दी धरलीया तुला" म्हणून काढा प्यायला सांगितला. शेवटी विलास, आमचा मुलगा, म्हणाला, "आई, उद्या कोल्हापूरला जायचं. तात्या, तुम्हीबी चला."

शाहूपुरीत एका गल्लीत हृदयाचा दवाखाना आहे, तिथं गेलो. डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी. कुरुंदवाडकडची होती, त्यामुळं बोलणं आपल्यातलंच. मला आजोबा म्हणाली, ते तेवढं आवडलं नाही. आनंदीला डाव्या कुशीवर निजवलं, छातीवर थंडगार काहीतरी लावलं आणि यंत्राची एक मूठ टेकवली. समोर पडद्यावर करडं धुकं हलायला लागलं. तिचं काळीज.

मी विचारलं, "हा फोटू कशानं निघतोय? उजेड तर न्हाई कुठं आत."

"आवाजानं, आजोबा," ती म्हणाली. "या मुठीतून आवाज आत जातो. इतका बारीक की माणसाला ऐकूच येत नाही. आत आपटतो, परत येतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र चित्र काढतं."

हे मला लगेच समजलं. विहिरीत वाकून कुकारा घातला की आपलाच आवाज वर येतो. पाणी वर असलं तर लवकर, खोल गेलं तर रेंगाळत. आम्ही पोरं असताना पाण्याची पातळी अशीच बघायचो. पण माझ्या कानाला ऐकू येत नाही असा आवाज जगात आहे, हे काही पटलं नाही. मी तसं बोललो. ती हसली आणि तिनं कुठलंतरी बटण दाबलं.

"आता ऐका. रक्त पुढं येतंय का मागं जातंय, ते हे यंत्र आवाजावरून सांगतं. उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून जातो ना? अंगावर येताना गाणं चढं लागतं, पुढं गेला की तेच गाणं उतरतं. तसंच आहे हे."

मला आजवर वाटायचं, त्या ट्रॅक्टरवाल्यांचे कर्णेच भिकार असतात.

आणि मग तो आवाज आला. फस्स्... फस्स्... फस्स्... खोली भरून गेली. असा जोरकस, असा धारदार, की मला पाटाला सोडलेली नवी मोटर आठवली. एवढ्याशा बाईच्या छातीत हे? माझी छाती फुगली. मी आनंदीच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "ऐकलंस? खणखणीत हाय तुझं काळीज. काय झालं न्हाई तुला."

तिनं डोळे मिटले होते, ते उघडले. "खरं?"

"म्या ऐकतोय की."

एवढंच बोललो. तीन शब्द. तिच्या तोंडावर जी कळा आली ती आमच्या लग्नातही नव्हती. बाहेर बाकावर येऊन बसल्यावर ती शेजारच्या बाईला सांगायला लागली, "आमच्या ह्यांनी ऐकलं आत. खणखणीत हाय म्हणाले. चढाचा दम लागतोय नुसता." तिनं चहा मागवला, वर बिस्किटं मागवली. ती बाई माझ्याकडं बघायला लागली तसा मीही जरा ताठ बसलो.

तेवढ्यात डॉक्टरनं मला आणि विलासला आत बोलावलं.

झडप गळतेय, असं ती म्हणाली. काळजातल्या एका खणातून दुसऱ्यात रक्त गेलं की मागं झडप मिटायला पाहिजे. ती मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं येतं, ते फुप्फुसाकडं साठतं, म्हणून दम. विहिरीतल्या मोटरीचा फूटवॉल खराब झाला की पाइपातलं पाणी खाली उतरतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी म्हणालो, "पण आवाज तर झकास होता."

ती माझ्याकडं वळली. मग हळू म्हणाली, "तोच गळतीचा आवाज, आजोबा. चांगल्या झडपेचा एवढा आवाज होत नाही."

बंधारा फुटला की पाणी गर्जतं. भरलेली पंचगंगा मुकाट्यानं जाते. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे लहानपणापासून तोंडपाठ. माझ्या काहिलीनं तर पन्नास हंगाम तेच सांगितलं, की बडबड करतंय ते कच्चं. ठोकलेल्या वस्तूचा आवाज वेगळा, वाहत्या वस्तूचा वेगळा. माठ वाजला पाहिजे, पाणी वाजता कामा नये. हे सगळं मला येत होतं. आणि मी रव्याचा कान काळजाला लावला.

ऑपरेशन करून झडप नीट करता येईल, पण लवकर करायला हवं, असं डॉक्टर म्हणाली. विलासनं मान हलवली. मीही हलवली. दार उघडून बाहेर आलो तर आनंदी माझ्यासाठी बिस्किट राखून बसली होती.

घरी आल्यावर विलासनं तिला समजावलं. सुनेनं समजावलं. ती ऐकत होती, मधेमधे तांदूळ निवडत होती. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाली, "हे झालं डाक्टरचं. ह्यांनी काय ऐकलं ते मला ठाऊक हाय."

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "आनंदी, माझा कान चुकला."

आता हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होतो. माझ्या तोंडात ते बसेना. तिलाही ते ऐकून हसूच आलं.

"तुमचा कान? चुकला?"

"व्हय. तो आवाज गळतीचा व्हता."

"विलासनं पढवलंय तुमास्नी."

"कुणी पढवलं न्हाई. देवाशपथ चुकलो मी."

"बघा की, शपथा घालाय लागले. खऱ्याला शपथ कशाला लागती?" तिनं सूप आपटून खडे पुढं आणले. "गुळाचं आदणाला आदण उतरवलंसा, कधी चुकलासा? माठ असू दे न्हाई तर कौलं, तुम्ही वाजवून घेतलेलं एक तरी गळकं निघालं का? आन् आता माझ्या काळजालाच कान चुकला व्हय तुमचा?"

"अगं, गुळाचं येगळं..."

"छाती चिरायची न्हाई मला. मेले तर आक्खी जाऊ दे."

मी आवाज चढवला. मला दुसरं काय येतंय? मी ओरडलो की तू अडाणी आहेस. ती म्हणाली, तुम्ही कुठं मोठे शिकलाय. विलास उठून बाहेर गेला. सून चुलीकडं वळली. मी ओरडत राहिलो आणि जितका ओरडलो तितकं तिला पटत गेलं, की मला कुणीतरी भरीस घातलंय आणि ते मला सोसत नाहीये म्हणून मी चिडलोय. शेवटी तीच माझी समजूत घालायला लागली. "असू द्या. पोरं काळजीनं बोलत्यात. तुम्ही कशाला जीव जाळतासा?"

जन्मभर मी बरोबर होतो. किंवा बरोबर असल्यासारखा वागलो. ते सगळं बरोबरपण घेऊन ती माझ्यापुढं उभी होती आणि मला एका चुकीपुरतं त्यातून बाहेर येऊ देत नव्हती. मी स्वतःला इतकं पक्कं बांधलं होतं की मलाच दार सापडेना.

ती आजही आहे. ऑपरेशनला गेली नाही. आता डॉक्टर म्हणते, शरीर सोसणार नाही, गोळ्या चालू ठेवा. गोळ्या चालू आहेत. ओढ्यावर जाणं केव्हाच बंद झालं. सोप्यातून मागच्या परड्यापर्यंत जाते ती भिंतीला हात लावत. आत्ता मी हे लिहितोय तेव्हा ती आत लसूण सोलतेय आणि मला तिचा श्वास ऐकू येतोय. घाण्याच्या घरघरीवरून, रस्त्यानं चाललेल्या ट्रॅक्टरच्या गाण्यावरून, सगळ्यावरून तोच ऐकू येतो. कधी कधी वाटतं, कान जावेत आता. माझ्या वयाच्या सगळ्यांचे गेले. बरोबरीचे म्हातारे पारावर बसून एकमेकांना "आँ? आँ?" करतात, सुखी आहेत बिचारे. माझे जात नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळे सुधारले. कान जसेच्या तसे. श्वास कालच्यापेक्षा आज किती आखूड झाला, ते मला कळतं, आणि कळून काही होत नाही. काहिलीला "उतरा" म्हणता येत होतं. इथं कुणाला काय म्हणू?

ती मात्र कुणी तब्येत विचारली की अजून तेच सांगते. दम लागतोय जरा, पण काळीज खणखणीत हाय, ह्यांनी ऐकलंय. येणारे जाणारे माझ्याकडं बघतात. मी ओढ्याकडं बघतो.

तर त्या दिवशी, ती नाही म्हणाली त्या दिवशी, मी हरलो नव्हतो. डोक्यात एकच घुसलं होतं. तिनं गळका आवाज ऐकलाय, चांगला ऐकलेला नाही. माठ घेताना सुद्धा दोन वाजवून बघावे लागतात, तेव्हा कुठं फरक कळतो. नुसत्या एका माठावरून काय कळणार? सांगून पटत नसेल तर ऐकवून पटेल. माझ्या शब्दात जोर नसला तरी त्या आवाजात असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं मी कोल्हापूरला गेलो. विलासचा मोबाइल त्याला न विचारता घेतला. डॉक्टर यायच्या आधी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसलो. ती आली, म्हणाली, "काय झालं, आजोबा? आजींना त्रास होतोय का?" मी म्हणालो, "माझं काळीज वाजवून दाखवा. आन् ते ह्या मोबाइलात भरून द्या." ती आधी हसली. मग कशासाठी ते मी सांगितलं, तेव्हा हसायची थांबली आणि तिनं स्वतः माझ्या सदऱ्याची बटणं काढली. त्या पलंगावर मी डाव्या कुशीवर पडलो. थंड मूठ छातीवर टेकली आणि आवाज आला. हुफ... हुफ... मऊ, एकसारखा, दुरून कुणी घोंगडं झटकावं तसा. ना जोर, ना धार. कान देऊन ऐकावा लागत होता. "एकदम चांगलं आहे तुमचं," डॉक्टर म्हणाली. मला रडू आलं. ते आनंदीच्या छातीत असायला हवं होतं.

घरी पोचलो तेव्हा ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी मोबाइल तिच्या कानाला लावला. तिचे हात परातीत थांबले. बराच वेळ तिनं ऐकलं.

"ह्ये काय?"

"काळीज. चांगलं काळीज असं वाजतंय. डाक्टरनं सांगितलं. तुझं कसं वाजत व्हतं, आठव."

"कुणाचं हाय ह्ये?"

"माझं."

तिनं पुन्हा ऐकलं. तिचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, पटलं. एकदाचं पटलं.

"अवं," ती म्हणाली, "ह्ये तर वाजतच न्हाई." पिठाचे हात तसेच घेऊन तिनं माझ्या छातीवर टेकवले. "एवढंच वाजतंय? आन् तुम्ही माझ्या मागं लागलाय व्हय? विलास! आरं विलास! गाडी काढ, ह्यांचं आधी बघ!"

मी सांगायला तोंड उघडलं. तिनं मला दंडाला धरून उठवलं, सोप्यातल्या बाजेवर निजवलं, अंगावर चादर टाकली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला. तिचं तिकडं लक्ष नव्हतं. "हलायचं न्हाई," असं मला बजावून, भिंतीला धरत, मधे दोनदा थांबून श्वास गोळा करत ती माझ्यासाठी दूध तापवायला गेली.

आणि मी हललो नाही.